दहा लाख एक

८ मार्च

आज महिला दिन. म्हणून आम्ही बायकांनी सकाळपासून पुलाव रांधला, टेबलं मांडली, पुरुषांची भाषणं ऐकली आणि मग भांडी घासली. प्रत्येकीला एकेक पिवळं फूल मिळालं. माझ्या फुलाची मान मोडलेली होती.

आमच्या कारखान्याचे संचालक हेमरा मेरेदोविच बोलायला उभे राहिले. म्हणाले, प्रजासत्ताकाच्या साठाव्या वर्धापनदिनासाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या गालिचा कारखान्याने दहा लाख गाठींचा गालिचा कबूल केलाय, मग आपण काय हातावर हात ठेवून बसायचं? आपणही दहा लाख. टाळ्या झाल्या. ते थांबले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "आणि वर एक."

सगळा हॉल खूश. आमच्यात पूर्ण आकडा कोणी देत नाही. लग्नाला शंभर रोट भाजले तर वर एक भाजतात, नाहीतर बरकत तिथेच थांबते. वर्तमानपत्राचा माणूस कोपऱ्यात बसून पुलाव खात होता, त्याने बोटं पुसून ते लिहून घेतलं.

पहिली टाळी मी वाजवली होती.

११ मार्च

छापून आलं. 'नेमक्या दहा लाख एक गाठी.' नेमक्या.

माझं काम नक्षी काढायचं. चौकटींचा कागद, एक चौकट म्हणजे एक गाठ. गालिच्यात जितक्या गाठी आडव्या, गुणिले जितक्या ओळी, तितक्या एकूण. दहा लाख सोपे होते, हजारावर हजार. पण दहा लाख एकला बसवायचं कशात? दोनने जात नाही, पाचने जात नाही, ते दिसतंच आहे. तीनने भागलं, दोन उरले. सातने भागलं, दोन उरले. अकराने, तेराने, पुन्हा दोन. कुणी समोर बसून वेडावतंय असं वाटायला लागलं. सतराने दहा उरले तेव्हा मला जवळजवळ बरं वाटलं.

माझा नवरा दुर्दी ट्रक उभा करून आला, हात धुतले, माझ्या खांद्यावरून डोकावला.

"तुझा आकडा जेवला का?"

"नाही."

"मग त्याच्याबरोबर मलाही वाढ. दोघं उपाशी आहोत."

मी म्हटलं, भांडं चुलीवर आहे आणि तुला दोन हात आहेत. त्याने निमूटपणे वाढून घेतलं, माझंही ताट आणून कागदावर ठेवलं. तेराच्या भागाकारावर तेलाचा डाग पडला. मी त्याच्यावर ओरडले. नंतर वाटलं, ओरडायचं होतं कुणावर आणि मिळालं कोण.

१३ मार्च

हेमरा मेरेदोविचांकडे गेले. म्हटलं, "आगा, या आकड्याचा गालिचा होत नाही. एक गाठ कमी करा."

"छापून आलंय."

"मग हजार गाठींची अख्खी ओळ वाढवा. दहा लाख एक हजार होतील, कुणाची तक्रार असणार?"

"छापून आलंय 'नेमक्या'. कापसाच्या खोट्या आकड्यांपायी गेल्या वर्षी किती जणांच्या खुर्च्या गेल्या, विसरलात? राजधानीतून मोजणीचा माणूस येणार आहे. एक कमी नको, एक जास्त नको."

"तेच सांगतेय. चौकोन बसत नाही."

"बाई, आकडा असतो तिथे चौकोन असतोच. तुम्हाला सापडत नाही म्हणा. ओगुलगेरेक, गणित हा बायकांचा प्रांत नाही, त्यात लाजायचं कशाला?"

माझ्या बापाने चौथ्या मुलीच्या, म्हणजे माझ्या, नावातच मागणं मागून ठेवलं: ओगुलगेरेक म्हणजे 'मुलगा हवा'. त्यामुळे असली वाक्यं मला नवी नाहीत. तरी कानशिलं तापली.

मग त्यांनी तोडगा काढला. हजारावर हजारचा गालिचा विणायचा आणि उरलेली एक गाठ बाहेर, खालच्या सपाट, बिनगाठीच्या काठावर मारायची. मोजणीवाला मोजेल, आकडा जुळेल.

"काठावर गाठ म्हणजे दोष," मी म्हटलं. "दोष असलेला माल दुसऱ्या प्रतीत जातो. अहवालात काय लिहिणार?"

"कारागिराच्या हातून चुकून पडली म्हणून लिहू. होतं असं. माणूसच आहे."

माणूस म्हणजे आमची सर्वांत जुनी विणकर आकनाबात-दायझा, सगळ्यांची मावशी. हा तिचा शेवटचा गालिचा. त्यानंतर पेन्शन, आणि यंदा 'थोर कारागीर' या किताबासाठी तिचं नाव वर गेलंय. दुसऱ्या प्रतीच्या मालाखाली नाव आलं की किताब गेला. सगळं आयुष्य मागावर घालवलेल्या बाईच्या नावावर जाता जाता एक खोटी चूक. का, तर या माणसाला भाषणात शोभेचं शेपूट हवं होतं.

मी दार आपटून निघाले नाही. हळूच लावलं. त्याचाच आता जास्त राग येतोय.

१४ मार्च

विणकामाच्या खोलीत जाऊन दायझाला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. फणीने बाणा ठोकत म्हणाली, "काठावर एक गाठ? मार म्हणावं. कुत्र्याच्या शेपटाला लिंबू बांधल्यासारखी दिसेल."

"दायझा, तुमचा किताब जाईल."

"जाईल तर जाईल. पोरी, तू नक्षी काढशील तेव्हा चौकटी जरा मोठ्या काढ. तुझ्या चौकटी दिवसेंदिवस मुंग्यांएवढ्या व्हायला लागल्यात."

माझ्या चौकटी गेली वीस वर्षं तेवढ्याच आहेत. मी तिच्यासाठी संचालकांशी भांडून आले आणि ही माझ्या कामात खोड काढतेय. मी म्हटलं, कागद तोच, चौकट तीच. तिच्या शेजारी बसणारी गुलशिरीन मध्येच म्हणाली, "बाई, चहा घेता का? गरम आहे." जणू मी चहासाठी आले होते. गुलशिरीनला दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायची वाईट सवय आहे.

एवढ्या रुंद गालिच्यावर पाचजणी ओळीने बसतात. प्रत्येकीला समोरची नक्षी वाचून शेजारणीच्या बरोबर चालावं लागतं. दायझा म्हणाली, "आता पुन्हा पाचजणींची घोडागाडी." तिच्या तोंडून असा थकलेला सूर मी पहिल्यांदा ऐकला. म्हातारी आळशी होत चाललीय.

१९ मार्च

घरात नवरोजची साफसफाई चालू आहे. गाद्या अंगणात, मी उंबऱ्यावर पेन्सिल घेऊन. आता आकडा नक्षीसाठी भागत नव्हते. नुसत्या रागाने भागत होते. एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. सदतीसला पुन्हा तेच दोन उरले आणि मी पेन्सिल कोंबड्यांच्या अंगावर फेकली. मग उठून शोधून आणली.

हा आकडा कशानेच जात नसेल तर एका अर्थी बरं, असं मनात आलं. मग त्याचा एकच गालिचा: एक गाठ रुंद, दहा लाख एक ओळी लांब. त्याची दोरी वळून हेमरा मेरेदोविचांना देता येईल.

सत्याण्णवही वाया गेलं. शंभराच्या आतलं सगळं संपलं. दुर्दी गादी बडवत होता, म्हणाला, "आता सोड." मी म्हटलं, एक शेवटचा. एकशे एक.

काही उरलं नाही.

दोनदा पडताळून पाहिलं. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. मग त्या नऊ हजार नऊशे एकला फोडायला बसले. तो कशाने म्हणजे कशानेच फुटत नाही. म्हणजे जगात या आकड्याचा चौकोन एकच. एकशे एक गाठी रुंद, बाकी सगळी लांबीच लांबी. आमच्या गाठीच्या मापाने वीतभर रुंद आणि बारा मीटरच्या वर लांब.

असला गालिचा कुणी पाहिलाय? मी हसायला लागले. दुर्दी बडवायचं थांबून बघत राहिला. "वीतभर रुंद, बारा मीटर लांब," मी त्याला म्हटलं, "सांग, कुठे अंथरायचा?"

"अंथरायचा कशाला," तो म्हणाला, "आजीच्या तंबूत असा पट्टा होता. भिंतीवर आतून गोल फिरवलेला."

मी हसायची थांबले. आक-यूप. पांढऱ्या तंबूच्या जाळीला आतून गुंडाळायचा पट्टा. अगदी हेच माप.

२३ मार्च

सण उरकल्या उरकल्या दायझाकडे गेले. सगळ्याजणी चहाला बसल्या होत्या. मी सांगितलं. मग दायझाने माझा हात ओढून घेतला, पालथा केला, त्यावर आपली वीत पसरून ठेवली.

"एवढा?"

"जवळजवळ."

"एवढ्याला एकच बाई पुरते."

"हो."

"हा मी विणीन. एकटी."

मी म्हटलं, एकटीने काय म्हणून, आळीपाळीने विणा. तर बाकीच्या एकदम सुरू झाल्या. हो हो, दायझाच विणेल, तिचा शेवटचा आहे, तिचा मान आहे. गुलशिरीनचे तर डोळे भरून आले. मला हे जरा अतीच वाटलं. मानासाठी म्हातारीला सहा महिने एकटीला राबवायचं, आणि आपण डोळे पुसायचे.

पण दायझाचा चेहरा खुलला होता, हे खरं.

२५ मार्च

"पट्टा?" हेमरा मेरेदोविच म्हणाले. "मी राजधानीला पट्टा नेऊ? कमरेला बांधायला?"

"तंबूला बांधायला. पाहुण्यांसाठी पांढरा तंबू उभारतातच ना दर वर्धापनदिनाला?"

"मी गालिचा कबूल केलाय."

"तुम्ही आकडा कबूल केलात, आगा. आकडा हेच देतोय. दुसरा चौकोन शोधून दाखवा, मी ही पेन्सिल चावून खाईन."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाले, "ठीक आहे. तुमची कल्पना, तुमची जबाबदारी. लिहून द्या. वरच्यांना पसंत पडला नाही तर तुम्ही नक्षीघरात दिसणार नाही."

लिहून दिलं. सही करताना कागद फाटला, इतका जोर पडला.

१७ मे

ऊन पेटलंय. मी सहा गुंडाळ्या नक्षी काढून दिली होती, पांढऱ्या जमिनीवर लाल आणि निळं. या वेळी चौकटी मोठ्याही काढल्या. दायझाचं ऐकून, मनाविरुद्ध.

आज मागावर गेले तर माझ्या गुंडाळ्या खिडकीत उन्हाला आडोसा म्हणून लावलेल्या. दायझा मान वर करून, भिंतीकडे तोंड करून विणतेय. मागावरचीच ओराझगुल शेजारी बसून, चालू भागाची गुंडाळी तेवढी मांडीवर घेऊन बडबडतेय: दोन लाल, तीन पांढरे, एक निळा, पांढरे सात. मी आत पाऊल टाकताच बडबड बंद.

"माझी नक्षी मागासमोर का नाही?"

"ऊन लागतं, बाई," गुलशिरीन म्हणाली.

"आणि ही काय पोरखेळासारखी ओरडतेय?"

"मलाच हवंय तसं," दायझा म्हणाली. "कान रिकामे राहतात नुसते. आमची आजी गाण्यावर विणायची, मी हिच्यावर विणते."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. माझी सगळी मेहनत खिडकीत टांगलीय, आणि मी खोलीत शिरले की जिभा टाळूला चिकटतात. त्यांच्यासाठी नोकरी गहाण टाकली मी. त्यांना मी अजून ऑफिसातलीच वाटते.

२ जुलै

दायझाने आज माझ्या हातावर चहा ओतला. पेला भरला तरी ओततच राहिली. मी ओरडले, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

"म्हाताऱ्यांचं लक्ष कबरीकडे," ती म्हणाली, आणि फडकं शोधायला चटईवर हात फिरवू लागली. फडकं तिच्या गुडघ्याशीच होतं. माझी चेष्टा करत होती. हात अजून चुरचुरतोय.

२१ जुलै

बाजारात टरबुजांच्या ढिगाशी दायझा समोरून आली, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे गेली. ओळख नाही दाखवली. नात थांबत होती, तिला मीच खूण केली, जा.

चहावरून बोलले म्हणून इतका राग? बरं. मलाही राग धरता येतो.

३० ऑगस्ट

गेले कित्येक दिवस मागावर पाऊल ठेवलं नाही. ओराझगुल ओळींचा हिशेब आणून देते, शंभर ओळी झाल्या की काठाला एक निळा दोरा बांधतात. पट्टा चांगला उतरतोय म्हणे. मी विचारलं, दायझा काही म्हणाली का? ओराझगुल म्हणाली, "विचारत असतात, बाई का येत नाहीत."

विचारू दे.

१२ ऑक्टोबर

आज मोजणी. सकाळपासूनचं क्रमाने लिहिते.

राजधानीचा माणूस भिंग आणि सुया घेऊन आला. कोरडा, सर्दी झालेला. पट्टा लांबच लांब टेबलांवर पसरला होता. त्याने आडव्या गाठी मोजल्या, तीन ठिकाणी. एकशे एक, एकशे एक, एकशे एक. मग ओळी. त्याला दुपार झाली. हेमरा मेरेदोविच दाराशी सिगरेट ओढत उभे होते, म्हणजे चुकलं तर बाहेर आणि बरोबर आलं तर आत.

मोजणीवाल्याने गुणाकार केला, नाक पुसलं आणि म्हणाला, "दहा लाख एक. दोन वर्षांत पहिल्यांदा कागदावरचा आकडा मालात सापडला. दोष नाही. पहिली प्रत."

लगेच हेमरा मेरेदोविच आत. "मी मुद्दामच हा आकडा निवडला होता," ते म्हणाले. "हजारावर हजार कुणीही करेल. या आकड्यातून फक्त आक-यूपच निघतो, आपली जुनी परंपरा. आमच्या नक्षीवाल्या बाईंना समजवायला जरा वेळ लागला."

माझ्या तोंडात शब्द आला होता. साफ आला होता. पण मोजणीवाल्याने अहवाल टेबलावर सरकवला. "कारागिराची सही."

दायझा पुढे आली. गुलशिरीनने तिच्या हातात पेन दिलं. दायझाने हात खाली नेला, आणि कागदाच्या चांगला वीतभर अलीकडे, मेजपोसावर, सही करायला टेकवला.

पहिलं अक्षर कापडावर उमटलं.

मला एकदम सगळं दिसलं. मुंग्यांएवढ्या चौकटी. भिंतीकडचं तोंड. चहा. बाजार. हेमरा मेरेदोविच मोजणीवाल्याचा पेला भरत होते, दोघांचीही आमच्याकडे पाठ होती. त्यांनी पाहिलं असतं तर उद्याच वैद्यकीय समिती, परवा चर्चा, की जिला दिसत नाही अशा बाईने खरंच विणलं का, आणि किताब पुन्हा कुठल्या तरी खणात. मी कागद उचलला, तिच्या पेनाखाली घातला आणि मोठ्याने म्हणाले, "दायझा, इथे, माझ्या बोटाशी. पेन नीट उमटत नाहीये." तिने माझं बोट चाचपलं आणि सही केली. वळणदार, शाळेत शिकल्यासारखी.

नंतर मी गुलशिरीनला अंगणात गाठलं, रोट भाजायच्या तामदिरच्या भिंतीशी.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी कडेकडेने गेलं, मग मधलंही. गेल्या हिवाळ्यात जवळजवळ सगळं."

"आणि तुम्ही सगळ्या जणींनी मला येडं बनवलंत."

"बाई—"

"मी हिच्यासाठी नोकरी लिहून दिली. मला सांगितलं नाहीत? मला?"

गुलशिरीनने रोट काढायची सळई भिंतीला टेकवली. "तुमच्या हातात पेन्सिल असते, बाई," ती म्हणाली. "तुम्ही लिहिता ते वर जातं. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चांगल्या आहात. पण पेन्सिल असते."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वीस वर्षं. पाहुण्यांसारखा चहा देऊन मला परत पाठवत होत्या या. आणि मी तरी काय पाहिलं? रोज मागासमोर उभी राहून स्वतःच्या चौकटींची अवस्था पाहिली. तिच्या डोळ्यांत एकदा बघितलं असतं तर पुरलं असतं.

आत आले. पाहुणे जेवायला गेले होते. पट्टा टेबलांवर तसाच पसरलेला आणि दायझा एकटी, त्याच्या टोकाशी, काठावरून अंगठा फिरवत.

"ओगुलगेरेक?"

"हो."

"रागावलीस?"

"हो."

"मग बस." तिने शेजारची खुर्ची हाताने शोधून ओढली. "या पोरी नुसतं छान झालाय, छान झालाय म्हणतात. छान म्हणजे काय रंग असतो का? तुझी नक्षी आहे. तू सांग, कसा आलाय."

मी बसले. तिचा अंगठा पहिल्या ओळीवर ठेवला आणि सांगायला लागले. पांढरा, पण दुधाचा नाही, लोकरीचा पांढरा, जरा पिवळसर. मग लाल येतो, डाळिंबाच्या सालीचा. निळा एकटाच येतो आणि लगेच जातो. मी सांगत होते आणि राग काही उतरत नव्हता. तिचा, गुलशिरीनचा, त्या माणसाच्या भाषणाचा, माझा, सगळ्यांचा मिळून आवाज चढत चालला होता. खुर्च्या सरकवत तिसऱ्या टेबलापर्यंत आलो तेव्हा दायझाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जरा हळू सांग, पोरी," ती म्हणाली. "मी आंधळी झालेय, बहिरी नाही."